चाकांवरील घराची बॅटरी व तिच्या भारणाच्या पायऱ्या

(वरच्या वर्गांच्या विज्ञानपाठास पूरक)

पाठाचे प्रयोजन

बॅटरी ही वस्तू खेड्यातील मुलांस आता अपरिचित राहिलेली नाही. ट्रॅक्टरची बॅटरी, शाळेतील इन्व्हर्टर, सौरदिवा, हातातील मोबाइल या सर्वांतून तिचा परिचय झालेला असतो. परंतु बॅटरी भरते म्हणजे नेमके काय होते, तिला भरण्यास इतका वेळ का लागतो, आणि वरून चांगली दिसणारी बॅटरी दोन-तीन वर्षांतच निकामी का होते, या प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा मोठ्या माणसांसही देता येत नाहीत. याचा परिणाम असा होतो की, गावाने वर्गणी जमवून शाळेसाठी घेतलेली बॅटरी आयुष्य संपण्यापूर्वीच अडगळीत पडते, आणि दोष मात्र बॅटरी करणाऱ्याच्या किंवा विकणाऱ्याच्या माथी मारला जातो. हे नुकसान बव्हंशी अज्ञानामुळे होते व म्हणूनच ते टाळता येण्याजोगे आहे.

बॅटरी, तिला भरणारे यंत्र आणि तिच्यावर चालणारी उपकरणे यांचा परस्परसंबंध एकाच लहानशा जागी पाहावयाचा असेल, तर अमेरिकेतील चाकांवरील घराचे उदाहरण फार सोयीचे आहे. तेथे घरमालकास आपल्या विजेचा हिशेब स्वतःच ठेवावा लागतो. प्रथम ते उदाहरण समजून घ्यावे व मग शाळेतील बॅटरीकडे वळावे, असा या पाठाचा क्रम ठेवला आहे.

चाकांवरील घर

ट्रॅक्टरमागे जशी ट्रॉली जोडतात, तसे मोटारीमागे जोडून ओढत न्यावयाचे घर म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर होय. त्यास स्वतःचे इंजिन नसते. १९३६ साली एअरस्ट्रीम या अमेरिकन कंपनीने ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा 'क्लिपर' नावाचा ट्रेलर बाजारात आणला. त्यात चार माणसांस झोपण्याची सोय, पाण्याचा साठा व विजेचे दिवे होते. आजच्या ट्रेलरमध्ये याशिवाय पाण्याचा पंप, थंडीत उबदार हवा खेळवणाऱ्या भट्टीचा पंखा, गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र इत्यादी उपकरणे असतात. ही सर्व उपकरणे १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालतात. मुक्काम रानात असो वा तळावर असो, हा प्रवाह सदैव मिळावा म्हणून ट्रेलरमध्ये बॅटरी बसवलेली असते.

या बॅटरीकडे आणखी एक महत्त्वाचे काम असते. रस्त्याने जाताना ट्रेलर मोटारीपासून अकस्मात सुटला, तर दोहोंमध्ये बांधलेली एक तार ओढली जाते, कळ दाबली जाते, आणि बॅटरीतील प्रवाह ट्रेलरच्या विजेवर चालणाऱ्या ब्रेकना मिळून चाके थांबतात. बॅटरी रिकामी असेल, तर हे ब्रेक लागत नाहीत. बॅटरीची निगा हा केवळ सुखसोयीचा प्रश्न नाही, तो सुरक्षिततेचाही आहे, हे यावरून ध्यानात येईल.

परिवर्तकाचे कार्य

मुक्कामाच्या तळावर खांबावरून वीज घेता येते. अमेरिकेत ती १२० व्होल्ट व ६० हर्ट्झची, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाची असते. (भारतातील घरगुती वीज २३० व्होल्ट व ५० हर्ट्झची असते.) हा प्रवाह बॅटरीस थेट देता येत नाही, कारण त्याची दिशा दर सेकंदाला अनेक वेळा उलटते, आणि बॅटरीस तर एकाच दिशेचा प्रवाह लागतो. म्हणून प्रत्यावर्ती प्रवाहाचा दाब उतरवून त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करणारे यंत्र मध्ये बसवावे लागते. त्यास कन्व्हर्टर किंवा परिवर्तक म्हणतात. परिवर्तक दोन कामे एकाच वेळी करतो : चालू असलेल्या दिव्या-पंख्यांस प्रवाह पुरवतो आणि उरलेल्या प्रवाहाने बॅटरी भरतो.

येथे विद्यार्थ्यांचा एक गोंधळ दूर करावा. कन्व्हर्टर प्रत्यावर्ती प्रवाहाचा एकदिश करतो, तर इन्व्हर्टर एकदिश प्रवाहाचा प्रत्यावर्ती करतो. शाळेतील ज्या पेटीस इन्व्हर्टर म्हणतात, तिच्या पोटात दोन्ही कामांची सोय असते. वीज असताना ती पेटी बॅटरी भरते, वीज गेली की त्याच बॅटरीवर दिवे व पंखे चालवते.

बॅटरीच्या आत काय घडते

शिसे व गंधकाम्ल यांवर चालणारी, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी १८५९ साली तयार केली. आजच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत असे सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात व प्रत्येक घट दोन व्होल्टांहून किंचित अधिक दाब देतो.

भरलेल्या घटात धनपट्टीवर लेड डायऑक्साइड, ऋणपट्टीवर सच्छिद्र शिसे आणि दोहोंभोवती सौम्य गंधकाम्ल असते. बॅटरी वापरली जाते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते, आम्ल खर्च होते व पाणी वाढते. म्हणूनच रिकाम्या बॅटरीतील द्रवाचे विशिष्ट गुरुत्व कमी भरते. भारण, म्हणजे बोलीभाषेतील चार्जिंग, ही याच क्रियेची उलट वाट होय. बाहेरून प्रवाह देऊन लेड सल्फेटचे पुन्हा मूळ पदार्थांत रूपांतर करावयाचे असते.

नव्याने तयार झालेले लेड सल्फेट बारीक कणांचे असते व सहज पालटते. परंतु बॅटरी रिकामी किंवा अर्धवट भरलेली तशीच ठेवली, तर या कणांचे मोठे व कठीण स्फटिक बनतात. ते पुढे भारणाने पालटत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निरुपयोगी होतो. बॅटरी वापरल्याने जितकी खराब होते, त्याहून अधिक रिकामी ठेवल्याने होते, ही या पाठातील मुख्य गोष्ट आहे.

भारणाच्या तीन पायऱ्या

उन्हाळ्यात माठ भरण्याची रीत सर्व मुलांस ठाऊक असते. माठ रिकामा असताना घागर सरळ ओततात. पाणी गळ्याशी आले की धार बारीक करतात, नाही तर पाणी बाहेर सांडते. माठ काठोकाठ भरल्यावर जे पाणी पाझरून जाते, तेवढेच अधूनमधून घालतात. बॅटरीच्या भारणाच्या तीन पायऱ्या अशाच आहेत.

पहिली पायरी मुख्य भारणाची. बॅटरी बरीच रिकामी असते तेव्हा परिवर्तक आपल्या शक्तीनुसार पूर्ण प्रवाह देतो. जसजशी बॅटरी भरते, तसतसा तिचा दाब चढत जातो व सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत पोहोचतो. या वेळेपर्यंत बॅटरी साधारणपणे चार-पंचमांश भरलेली असते.

दुसरी पायरी शोषणाची. आता परिवर्तक दाब १४.४ व्होल्टच्या आसपास स्थिर धरतो आणि बॅटरीच आपल्याला लागेल तेवढा प्रवाह घेते. हा प्रवाह हळूहळू उतरत जातो. याचे कारण असे की, उरलेले लेड सल्फेट थोडे असते व पट्ट्यांच्या छिद्रांत खोलवर असते. तेथपर्यंत क्रिया पोहोचण्यास अवधी लागतो. या वेळी जबरदस्तीने अधिक प्रवाह रेटला, तर तो पट्ट्यांच्या कामी न येता पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन वायूंत विघटन करतो.

तिसरी पायरी राखणीची. बॅटरी पूर्ण भरल्यावर दाब सुमारे १३.२ ते १३.६ व्होल्टवर उतरवला जातो. बॅटरी आपोआप थोडी थोडी रिती होत असते. ती झीज भरून निघावी, एवढाच या पायरीचा हेतू असतो.

माठाचा दृष्टान्त येथेच थांबवावा. बॅटरीत वीज पाण्यासारखी साठत नाही. तेथे पदार्थांत रासायनिक बदल होतो व त्या रूपाने ऊर्जा साठते, हे शिक्षकांनी स्पष्टपणे सांगावे.

जुन्या ट्रेलरमधील कित्येक परिवर्तक सुमारे १३.६ व्होल्टचा एकच दाब सदैव देत असत. हा दाब दोन्हीकडून गैरसोयीचा ठरे. मुक्काम एका रात्रीचा असेल, तर एवढ्या दाबावर बॅटरी पूर्ण भरत नसे. आणि ट्रेलर महिनोन् महिने विजेस जोडून ठेवला, तर बॅटरीतील पाणी हळूहळू आटून पट्ट्या उघड्या पडत. पायऱ्यांनी भारण करणारे परिवर्तक पुढे आले, त्यामागील कारण हेच होते.

एका रात्रीचा हिशेब

पुढील उदाहरण फळ्यावर सोडवावे. ट्रेलरमध्ये १०० अँपिअर-तास क्षमतेची भरलेली बॅटरी आहे. रात्र थंडीची आहे. भट्टीचा पंखा ७ अँपिअर प्रवाह घेतो व दहा तासांपैकी निम्मा वेळ चालतो. दिवे २ अँपिअर प्रवाह घेतात व चार तास चालतात. इतर किरकोळ उपकरणांस मिळून ७ अँपिअर-तास लागतात.

पंखा : ७ × ५ = ३५ अँपिअर-तास
दिवे : २ × ४ = ८ अँपिअर-तास
किरकोळ : ७ अँपिअर-तास
एकूण : ५० अँपिअर-तास

सकाळी बॅटरी निम्मी उरली. आता परिवर्तक तिला २० अँपिअर प्रवाह देऊ लागला, तर ५० पासून ८० पर्यंत पोहोचण्यास ३० ÷ २०, म्हणजे दीड तास लागेल. यावरून उरलेले २० अँपिअर-तास एका तासात भरतील, असे विद्यार्थी म्हणतील. परंतु तसे होत नाही. शोषणाच्या पायरीत प्रवाह उतरत जात असल्यामुळे या शेवटच्या पंचमांशास चार तास किंवा अधिकही लागतात. शिवाय काही ऊर्जा उष्णता व वायू यांत खर्च होत असल्याने, जेवढे काढले त्याहून थोडे अधिक परत घालावे लागते.

रानात मुक्काम करणारा मनुष्य सकाळी तासभर जनित्र चालवतो, मापकावर १३.६ व्होल्टांहून अधिक आकडा पाहतो आणि बॅटरी भरली असे समजून जनित्र बंद करतो. प्रत्यक्षात ती फार तर ७० टक्क्यांपर्यंत आलेली असते. भारण चालू असताना दिसणारा दाब हा भरणाऱ्या यंत्राचा असतो, बॅटरीचा नव्हे. खरा अंदाज घेण्यासाठी भारण व वापर दोन्ही बंद करून काही तास बॅटरीस विसावा द्यावा व मग दाब मोजावा. साधारण आकडे पुढीलप्रमाणे आहेत :

पूर्ण भरलेली : सुमारे १२.७ व्होल्ट
पाऊण भरलेली : सुमारे १२.४ व्होल्ट
निम्मी : सुमारे १२.२ व्होल्ट
पाव : सुमारे १२.० व्होल्ट

पूर्ण व निम्म्या बॅटरीतील फरक अवघा अर्ध्या व्होल्टचा आहे, हे विद्यार्थ्यांच्या नजरेस आणावे. सूक्ष्म मापनाचे महत्त्व यातून सहज पटते.

तार, थंडी व ऊन

परिवर्तक योग्य दाब देत असूनही बॅटरी अपुरी भरते, असे कधी कधी आढळते. याचे कारण बहुधा बारीक व लांब तारेत किंवा गंजलेल्या जोडात असते. तारेचा रोध ०.०२ ओहम असेल व तीतून ३० अँपिअर प्रवाह जात असेल, तर ओहमच्या नियमाप्रमाणे ०.६ व्होल्ट तारेतच खर्च होतात. परिवर्तकापाशी १४.४ व्होल्ट असले, तरी बॅटरीस १३.८ च मिळतात.

तापमानाचाही परिणाम होतो. भरलेल्या बॅटरीतील द्रव शून्याखाली ५० अंशांपर्यंतही गोठत नाही. मात्र रिकाम्या बॅटरीत पाण्याचे प्रमाण वाढलेले असल्याने ती शून्याखाली १० अंशांच्या आसपास गोठून फुटू शकते. म्हणून अमेरिकेच्या थंड भागांत हिवाळ्यासाठी ट्रेलर उभा करून ठेवताना बॅटरी पूर्ण भरतात. सर्व दिवे बंद केले तरी गॅससूचक यंत्रासारखी उपकरणे थोडा प्रवाह घेतच राहतात. यास्तव बॅटरीची जोडणीही तोडून ठेवतात.

महाराष्ट्रात थंडीचे हे भय नाही, परंतु उन्हाचे आहे. २५ अंश सेल्सिअसच्या वर दर अंशामागे १२ व्होल्टच्या बॅटरीचा भारणदाब साधारणतः २४ मिलिव्होल्टने उतरवावा लागतो. विदर्भातील ४५ अंशांच्या उन्हाळ्यात हा फरक २० × २४, म्हणजे ४८० मिलिव्होल्ट, जवळजवळ अर्धा व्होल्ट होतो. यंत्रात अशी सोय नसेल, तर बॅटरी गरजेपेक्षा अधिक भारली जाऊन तिच्यातील पाणी झपाट्याने आटते.

शाळेतील बॅटरीची निगा

ट्रेलरचा हिवाळा आणि शाळेची उन्हाळी सुटी यांत बॅटरीच्या दृष्टीने मोठे साम्य आहे. दोन्ही काळांत ती वापराविना पडून असते. एप्रिलअखेर अर्धी रिकामी झालेली बॅटरी तशीच ठेवून शाळेस कुलूप लावले, तर जूनमध्ये ती पूर्वीसारखी चालण्याची आशा धरू नये. पुढील गोष्टी शाळेने कटाक्षाने पाळाव्यात :

१. सुटीपूर्वी बॅटरी पूर्ण भरावी. सुटीत महिन्यातून एकदा तरी ती पुन्हा भरली जाईल, अशी व्यवस्था करावी. इन्व्हर्टर निष्कारण चालू ठेवू नये. रिकामा असतानाही तो थोडा प्रवाह घेतो.

२. अनेक इन्व्हर्टरच्या मागील बाजूस बॅटरीचा प्रकार निवडण्याची कळ असते. ती शाळेतील बॅटरीस अनुरूप आहे किंवा नाही, हे माहितीपत्रक पाहून किंवा तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे. चुकीच्या कळीमुळे भारणाचा दाब चुकतो.

३. पाणी घालण्याच्या प्रकारची बॅटरी असल्यास महिन्यातून एकदा पातळी पाहावी. केवळ ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे दुकानात मिळणारे बॅटरीचे पाणीच घालावे. विहिरीचे किंवा नळाचे पाणी वापरू नये. त्यातील क्षारांनी पट्ट्या खराब होतात. आम्ल कधीही घालू नये, कारण आटते ते पाणी, आम्ल नव्हे. पट्ट्या बुडालेल्या असतील, तर पाणी भारण संपल्यावर घालावे.

४. भारणाच्या अखेरीस निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांहून अधिक झाल्यास ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून बॅटरी बंद कपाटात ठेवू नये. खोली हवेशीर असावी व तेथे काडी, उदबत्ती वा स्टोव्ह पेटवू नये.

५. बॅटरीची जोडणी सोडवण्याचे काम जाणकार मनुष्यानेच करावे. प्रथम भारण व वापर बंद करावा, मग ऋण टोक सोडवावे. हातातील अंगठी व कडे काढून ठेवावे. आम्ल अंगावर किंवा डोळ्यांत उडाल्यास भरपूर पाण्याने बराच वेळ धुऊन त्वरित डॉक्टरांकडे जावे.

६. निकामी बॅटरी भंगारवाल्यास फोडू देऊ नये. शिसे विषारी आहे व लहान मुलांस त्याचा अपाय अधिक होतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ यांस अनुसरून ती विक्रेत्यामार्फत अधिकृत केंद्राकडे परत करावी.

काही ठिकाणी आता लिथियम बॅटऱ्या येऊ लागल्या आहेत. त्यांची रासायनिक रचना वेगळी असल्यामुळे वरील आकडे त्यांस लागू करू नयेत. त्यांना त्यांच्यासाठीच असलेले भारणयंत्र लागते.

वर्गात पाठ घेताना

आम्लाच्या बॅटरीवर मुलांकडून कोणताही प्रयोग करवून घेऊ नये. शिक्षकांनी बहुमापकाने शाळेतील बॅटरीचा दाब वीज असताना, वीज गेल्यावर व विसाव्यानंतर मोजून दाखवावा. मुलांनी आकडे तक्त्यात लिहावेत. महिनाभर असा तक्ता ठेवल्यास बॅटरीची प्रकृती मुलांसच कळू लागेल, आणि तिची काळजी घेण्याची सवय शाळेस आपोआप लागेल. वर्गातील एका तुकडीकडे हा तक्ता ठेवण्याचे व पाण्याची पातळी पाहण्याची आठवण शिक्षकांस करून देण्याचे काम सोपवावे.

विद्यार्थ्यांस विचारावयाचे प्रश्न

१. परिवर्तक व इन्व्हर्टर यांच्या कार्यात कोणता फरक आहे?

२. रिकाम्या बॅटरीतील द्रवाचे विशिष्ट गुरुत्व कमी का होते?

३. ५० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत बॅटरी लवकर भरते, परंतु ८० पासून १०० पर्यंत उशीर लागतो. याचे कारण सांगा.

४. १२ व्होल्टच्या परिवर्तकातून ३० अँपिअर प्रवाह मिळत असल्यास शक्ती किती वॅट होईल? हानी धरली नाही, तर १२० व्होल्टच्या बाजूस किती अँपिअर प्रवाह लागेल? (उत्तर : ३६० वॅट, ३ अँपिअर)

५. आपल्या शाळेतील दिवे व पंखे यांस ताशी किती ऊर्जा लागते, याचा हिशेब करा, आणि वीज गेल्यास बॅटरी निम्म्याखाली न जाता ती किती तास पुरेल ते काढा.